किती गोड, यापेक्षा किती वेळा

आईबाबांनो, आणि दिवसभर नातवंडं सांभाळणाऱ्या आजी-आजोबांनो,

लहान मुलांच्या दातांवर उपचार करताना माझं रोज पालकांशी बोलणं होतं. त्यात एक वाक्य सगळ्या घरांतून येतं, मग घर शहरातलं असो की वाडीवरचं: "पडणाराच दात आहे ना डॉक्टर, मग कशाला एवढं करायचं? काढूनच टाका." हे बोलणारे पालक बेफिकीर नसतात. खर्चाची धास्ती असते, मुलाची रडारड बघवत नाही, कामावरून कशीबशी अर्ध्या दिवसाची रजा मिळालेली असते. तरीही मुलांच्या तोंडाचं सगळ्यात जास्त नुकसान हेच वाक्य करतं, म्हणून आधी त्याच्याबद्दलच बोलू या.

दुधाचे दात वीस असतात. पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास खालच्या हिरडीत पुढे दिसतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत विसाच्या वीस येतात. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, त्याचं घरभर कौतुक होतं, आणि दुधाचे दात म्हणजे लवकर जाणारे दात अशी आपली समजूत होऊन बसते. मागच्या दुधाच्या दाढा मात्र दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. चार वर्षांच्या मुलीची दाढ किडली आणि आपण ती 'पडणारीच' म्हणून सोडून दिली, तर पुढची सहा-सात वर्षं तिने भाकरी चावायची कशाने?

या दाढांचं आणखी एक काम असतं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून आपण जागा धरतो, तशी दुधाची दाढ खाली तयार होत असलेल्या पक्क्या दातासाठी जागा धरून ठेवते. ती वेळेआधी काढावी लागली, तर मागची दाढ पुढे सरकते. मग येणारा दात वाकडा येतो किंवा हाडातच अडकून बसतो. बाराव्या-तेराव्या वर्षी दातांना तारा लावायची वेळ येते, तेव्हा काही मुलांच्या बाबतीत त्याचं मूळ अशा लवकर गमावलेल्या दाढेत सापडतं.

आणि दुखणं? लहान मूल "माझी दाढ दुखते" असं क्वचित सांगतं. ते एकाच बाजूने चावतं. घास गालात धरून बसतं. जेवायला तासभर लावतं, पोळी नको म्हणतं आणि नुसता वरण-भात मागतं. रात्री मध्येच रडत उठतं. आपण म्हणतो, खायचे नखरे आहेत, झोपेची सवय बिघडली आहे. अशा मुलाच्या तोंडात टॉर्च मारून मागच्या दाढा बघाव्यात. नखरे वाटलेली गोष्ट कित्येकदा तिथे सापडते.

आता दात किडतो कसा, ते समजून घेऊ. हे नीट कळलं की पुढचे निम्मे नियम पाठ करायची गरज राहत नाही. दातात किडा नसतो. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले किडे काढून दाखवणारे लोक बाजारात, जत्रेत भेटतात. ते जे दाखवतात, ते त्या बियांमधलेच बारीक तुकडे असतात. खरं कारण डोळ्यांना न दिसणारे जंतू आहेत. दातांवर चिकट पांढरट थर साचतो, त्यात हे जंतू राहतात. आपण खाल्लेल्या साखरेवर ते जगतात आणि तिचं आम्ल करतात. दाताचं बाहेरचं कवच, म्हणजे इनॅमल, हा आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ आहे. पण आम्लाची पातळी एका मर्यादेपुढे गेली, साधारण पीएच ५.५ च्या खाली, की त्यातले क्षार विरघळायला लागतात.

निसर्गाने याच्यावर उपाय दिलेला आहे, तो म्हणजे लाळ. लाळ आम्ल धुऊन टाकते, त्याचा जोर मोडते आणि गेलेले क्षार परत दातात बसवते. अमेरिकेतले दंतवैद्यक संशोधक रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात हे मोजून दाखवलं. तोंडात साखर गेली की दातावरच्या थरातलं आम्ल काही मिनिटांत झपाट्याने वाढतं, आणि पूर्वस्थितीला यायला अर्धा तास ते तासभर लागू शकतो. झीज आणि भरपाई असा हा व्यवहार आपल्या सगळ्यांच्या तोंडात दिवसभर चालू असतो. भरपाईला वेळ मिळाला तर दात टिकतो. एक आम्ल उतरण्याआधी दुसरं आलं, त्यावर तिसरं आलं, तर दात हरतो.

म्हणून मी पालकांना मूल किती गोड खातं हे नंतर विचारते. आधी विचारते, दिवसातून किती वेळा खातं.

या प्रश्नामागे एक दुःखद इतिहास आहे. स्वीडनमध्ये लुंड शहराजवळ व्हिपेहोल्म नावाची संस्था होती. बौद्धिक अपंगत्व असलेली माणसं तिथे ठेवलेली असत. १९४५ ते १९५५ या काळात त्यांच्यावर साखर आणि दातांचे प्रयोग झाले. काहींना जेवणासोबत भरपूर साखर दिली गेली, तर काहींना दोन जेवणांच्या मध्ये दाताला चिकटून राहणारी टॉफी, दिवसाला कधी चोवीसपर्यंत. त्यांची संमती कुणी घेतली नाही आणि त्यातल्या अनेकांच्या दातांची वाताहत झाली. निष्कर्ष मात्र अगदी स्पष्ट होता: जेवणासोबत खाल्लेल्या साखरेने फार कमी कीड वाढली, मधल्या वेळी पुन्हा पुन्हा खाल्लेल्या चिकट गोडाने ती प्रचंड वाढली. पुढे स्वीडनमध्ये मुलांना आठवडाभर गोळ्या-चॉकलेटं न देता फक्त शनिवारी द्यायची, अशी प्रथा रुजली. त्या माणसांच्या दातांची किंमत मोजून मिळालेलं हे ज्ञान आहे. आपल्या घरात ते वाया जाऊ देऊ नये.

गंमत अशी, की आपल्या जुन्या जेवणाच्या पद्धतीत हे शहाणपण आहेच. आपल्याकडे गोड पानातच वाढतात. पुरणपोळी, श्रीखंड, उकडीचे मोदक, शिरा हे वरण-भात, भाजी, कोशिंबिरीबरोबर एकाच बैठकीत खाल्ले जातात. सणाच्या दिवशी मुलाला पोटभर पुरणपोळी खाऊ द्या, त्याने दात किडत नाहीत असं मी म्हणणार नाही, पण दातांना खरी भीती तिची नाही. भीती आहे ती रोजच्या बारीकसारीक खाण्याची, जे आपल्या हिशेबात येतच नाही.

पाच-सहा वर्षांच्या एखाद्या मुलाचा दिवस आठवून बघा. सकाळी चॉकलेटची पावडर आणि साखर घातलेलं दूध, सोबत बिस्कीट. शाळेत कुणाचा तरी वाढदिवस, म्हणून एक टॉफी. घरी आल्यावर भाजी-पोळी, मग टीव्हीसमोर पाकिटातले वेफर्स. चारला आजोबांच्या चहासोबत बुडवलेली खारी किंवा टोस्ट. खेळून आल्यावर खोक्यातला आंब्याचा ज्यूस. शेजारच्या काकूंनी लाडाने दिलेली गोळी. आणि झोपताना पुन्हा साखरेचं दूध. एकेक गोष्ट फार नाही, आणि जी ती देतो प्रेमानेच. पण आम्लाचे आठ हल्ले झाले, आणि शेवटचा झाला तो झोपेच्या तोंडावर. बिस्कीट, वेफर्स, खारी हे फारसे गोड लागत नसले तरी त्यांचा मैदा-पिष्ट दाढांच्या खाचांत लापशीसारखा रुतून बसतो आणि जंतूंना बराच वेळ पुरतो, हेही लक्षात ठेवा.

यातलं सगळं बंद करा असं मी सांगणार नाही. ते होणार नाही, आणि घरात रोज भांडणं मात्र होतील. तीन जेवणं आणि मधल्या दोन वेळा ठरवून टाका. गोड द्यायचं ते जेवणाला लागून द्या. मधल्या वेळी शेंगदाणे, फुटाणे, काकडी, गाजर, पेरू, उकडलेलं अंडं, चीज, ताक असं काही द्या (चार वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खे शेंगदाणे-फुटाणे देऊ नका, घशात अडकतात). तहानेला पाणीच, ज्यूस नाही. खाल्ल्यावर खळखळून चूळ भरायची सवय लावा, ती फुकट आहे आणि शाळेतही करता येते. संक्रांतीला बोरन्हाणात हल्ली बोरं-चुरमुऱ्यांबरोबर चॉकलेटांचा पाऊस पडतो. तिथे बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे वाढवा आणि गोळ्या कमी करा. वर्गात वाढदिवसाला चॉकलेटऐवजी पेन्सिल किंवा खोडरबर वाटायला शिक्षकही आनंदाने हो म्हणतात.

आता रात्रीबद्दल, कारण सगळ्यात मोठी लढाई तिथे आहे. झोपेत लाळ फार कमी सुटते. दिवसा दाताला जो पहारा असतो, तो रात्री उठतो. दात न घासता झोपलेल्या मुलाच्या तोंडात आम्लाला सहा-आठ तास मोकळं रान मिळतं. सकाळचा ब्रश सगळ्या घरांत होतो, कारण त्याशिवाय चहा-दूध मिळत नाही. रात्रीचा ब्रश मात्र राहतो. तुम्ही दोघंही दमलेले असता, मूल सोफ्यावरच झोपून गेलेलं असतं, आणि त्याला उठवायचा धीर होत नाही. म्हणून माझी एक साधी सूचना आहे: झोपायच्या वेळेची वाट बघू नका. रात्रीचं जेवण झालं की पंधरा-वीस मिनिटांत ब्रश उरकून टाका. त्यानंतर तोंडात फक्त पाणी जाईल, दुसरं काहीही नाही, दूधही नाही. दूध द्यायचंच असेल तर जेवणासोबत किंवा ब्रशच्या आधी, आणि शक्यतो बिनसाखरेचं.

ब्रश कुणी करायचा? सात-आठ वर्षांपर्यंत तुम्ही. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात ब्रश देऊन "शहाणा आहे, स्वतः घासतो" असं कौतुकाने सांगणारे पालक मला भेटतात. त्याचा उत्साह खरा आहे, तो मोडू नका. पण ज्याला अजून बुटाची नाडी बांधता येत नाही, त्याच्या बोटांना मागच्या दाढेची आतली बाजू साफ करता येणार नाही. आधी त्याला घासू द्या, मग तुम्ही एक हात फिरवा. आरशासमोर उभं करण्यापेक्षा पलंगावर बसा, त्याचं डोकं मांडीवर मागे टेकवा, ओठ बोटाने बाजूला करा. सगळं स्वच्छ दिसतं आणि मूलही कमी वळवळतं. लहान डोक्याचा, मऊ केसांचा ब्रश, दोन मिनिटं, हिरडीपासून दाताच्या टोकाकडे. केस वाकले की ब्रश बदला, एरवी तीन महिन्यांनी. मागच्या दाढा एकमेकींना चिकटून असतील, तर त्यांच्या फटीत ब्रश पोचत नाही. तिथे दंतधागा कसा फिरवायचा, ते एकदा डॉक्टरांकडून शिकून घ्या.

टूथपेस्ट फ्लोराइडची घ्या. लाळ क्षार परत बसवते, तेव्हा फ्लोराइड असेल तर ती दुरुस्ती अधिक पक्की होते. कीड रोखण्यासाठी आपल्याजवळ असलेलं हे सगळ्यात खात्रीचं साधन आहे. आपल्याकडे टूथपेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपर्यंत असावं असा नियम आहे. मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक पेस्टमध्ये ते बरंच कमी असतं किंवा नसतंच. ट्यूबवरचं चित्र बघू नका, मागचा आकडा वाचा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरे, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर नागमोडी पेस्ट मुलाला द्यायची नसते. घासून झाल्यावर फक्त थुंकायला सांगा, भरपूर पाण्याने चुळा भरल्या तर फ्लोराइड वाहून जातं.

चंद्रपूर, यवतमाळसारख्या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या मुलांच्या दातांवर पांढरे किंवा तपकिरी डाग दिसतात. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर असू नये. तुमचं गाव अशा भागात असेल, तर पाण्याची तपासणी करून घ्या आणि पेस्टबद्दल दंतवैद्यांना विचारा. तिथेही दात घासणं सोडायचं नाही, मुलाने पेस्ट गिळू नये एवढं बघायचं.

राखुंडी, कोळसा, विटकरीची पूड यांनी दात घासले की ते झिजतात. आणि मशेरी तर मुलांच्या आसपासही नको. भाजलेल्या तंबाखूची ती पूड, तिच्यात तंबाखूचं सगळं विष आहे. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली, पण घरातल्या तव्यावर ती अजून भाजली जाते. आजी मशेरी लावत असेल तर तिच्याशी रागाने बोलू नका. नातवंडं बघून शिकतात, एवढं प्रेमाने सांगा. नातवासाठी मशेरी सोडलेल्या आज्या मी पाहिल्या आहेत.

तान्ह्या बाळांच्या आयांशी थोडं वेगळं बोलायचं आहे. बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळाचे वरचे पुढचे दात आधी किडतात, कारण दूध तिथे साचून राहतं. खालचे दात जिभेखाली झाकलेले असतात आणि लाळेने धुतले जातात, म्हणून ते वाचतात. बाटलीत साखर घालू नका आणि ती घेऊन झोपवू नका. वर्षाच्या आसपास पेल्याने प्यायला शिकवा. चोखणीला मध किंवा गूळ लावू नका. मध तर एक वर्षाच्या आत कोणत्याही कारणाने देऊ नये. अंगावरचं दूध मात्र निश्चिंतपणे पाजा, दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही. दात आले की रात्रीच्या पाजण्यानंतर ओल्या मऊ कापडाने ते पुसून घ्या, आणि पहिला दात दिसल्या दिवसापासून ब्रश सुरू करा. खोकल्याची औषधं गोड असतात. ती दिल्यावरही तोंड पुसा, आणि साखरेविना औषध मिळेल का ते विचारा.

आणखी एक गोष्ट, जी आयांना कुणी सांगत नाही: कीड करणारे जंतू बाळाला बहुधा घरच्याच माणसांच्या लाळेतून मिळतात. आपण चाखलेला चमचा बाळाच्या तोंडात जातो, घास चावून भरवला जातो. म्हणून तुमच्या स्वतःच्या किडलेल्या दाढा अंगावर काढू नका. गरोदरपणातही दातांचे बहुतेक उपचार करता येतात, मधले तीन महिने त्यासाठी सोयीचे असतात. घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलेल्या वेळात आपलं बघायचं, ही सवय इथे बाळालाही भोवते.

सहाव्या वर्षाकडे विशेष लक्ष द्या. त्या सुमाराला सगळ्यात मागे, दुधाच्या दाढांच्या पाठीमागे, चार नव्या दाढा येतात. त्यांच्यासाठी एकही दात पडत नाही, त्यामुळे त्या आल्याचं घरात कळतही नाही, आणि कळलं तरी त्या दुधाच्याच वाटतात. त्या पक्क्या असतात, आयुष्यभर पुरवायच्या असतात. त्यांच्या माथ्यावर खोल खाचा असतात, ब्रशचे केसही तिथे जात नाहीत. दंतवैद्य त्या खाचा एका पातळ लेपाने बंद करतात, त्याला सीलंट म्हणतात. सुई नाही, कोरणं नाही, काही मिनिटांचं काम. तसंच वर्षातून दोनदा दातांना फ्लोराइडचं वार्निश लावून घेता येतं.

हे सगळं करायला दुखायची वाट बघावी लागत नाही. महिन्यातून एकदा मुलाचा वरचा ओठ उचलून बघा. हिरडीलगत पांढरट, निस्तेज पट्टा दिसला, तर ती किडीची पहिली पायरी असते. इथून दात परत बरा होऊ शकतो, काहीही न कोरता. तपकिरी खड्डा पडला की सिमेंट भरावं लागतं, ठणका लागला की रूट कॅनाल आणि कॅप. प्रत्येक पायरीला खर्च वाढतो आणि मुलाचं धैर्य कमी होतं. पहिल्या वाढदिवसापर्यंत दंतवैद्यांकडे पहिली भेट व्हावी. आणि "ब्रश केला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील" हे वाक्य घरातून हद्दपार करा. ते ऐकून आलेल्या मुलाचं तोंड उघडायलाच आम्हाला अर्धा तास लागतो.

पैशाची अडचण असेल तर संकोच करू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांमध्ये एकदा तपासणी होते, त्यात दातही बघतात. पथक येईल त्या दिवशी मुलाची शाळा बुडवू नका, आणि चिठ्ठी मिळाली तर ती दप्तरात पडून राहू देऊ नका. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईचं नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय इथे खाजगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी खर्चात मुलांवर उपचार होतात.

आज रात्री एवढंच करा. जेवणं झाली की मुलाचं डोकं मांडीवर घ्या, टॉर्चने सगळे दात, विशेषतः मागच्या दाढा, एकदा नीट बघा. दोन मिनिटं ब्रश करा, आणि मग सकाळपर्यंत फक्त पाणी. पांढरा पट्टा, काळा ठिपका, काहीही वेगळं दिसलं तर याच आठवड्यात दाखवून घ्या. दुखायच्या आधी आलेल्या मुलाचं काम सोपं असतं, स्वस्त असतं, आणि बहुतेक वेळा त्याला रडावंही लागत नाही.